पेन्शनच्या खात्यात सोन्याची नाणी ठेवता येतात का?

खडेबाजार_५२: नमस्कार मंडळी. वय ५२, बेळगावात खासगी नोकरी. पीपीएफ आणि एनपीएस चालू आहे. यूट्यूबवर 'गोल्ड आयआरए'च्या जाहिराती येतात, त्यात पेन्शनच्या खात्यातच सोन्याची नाणी. असं खातं आपल्याकडे निघतं का? नसेल तर म्हातारपणासाठी दहाएक तोळे कसे जमवावेत? दागिन्यांपलीकडे कधी काही घेतलेलं नाही.

निपाणीकर: काका, आयआरए हे अमेरिकेच्या करकायद्यातलं खातं आहे. तिथंही सोनं घरी ठेवता येत नाही. मान्यताप्राप्त कस्टोडियनमार्फत (मालमत्ता सांभाळणारी संस्था) घेऊन तिजोरीत ठेवावं लागतं, बिस्कीट किमान ९९.५ टक्के शुद्ध लागतं. आपल्या पीपीएफ-एनपीएसमध्ये नाणं ठेवायची सोय नाही. सोनं या खात्यांच्या शेजारी, वेगळं जमवायचं.

आधी 'तोळा' पक्का करा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बाजारात आता बहुतेक १० ग्रॅमचा धरतात. म्हणून दर, वजन, बिल सगळं ग्रॅममध्ये मागा.

म्हातारपणासाठी म्हणून दागिना घेऊ नका. हिशोब बघा: १,००,००० चं सोनं, मजुरी १२ टक्के, वर ३ टक्के जीएसटी, म्हणजे बिल १,१५,३६०. त्याच दराने मोडायला गेलात तर फार तर १,००,००० येतात, खडे-मीना असेल तर वजनातून तेही वजा. म्हणजे भाव १५ टक्के चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. २४ कॅरेट नाण्याला मजुरी बरीच कमी पडते. सराफ गल्लीत घ्या नाहीतर कोल्हापूरच्या गुजरीत, जीएसटी ३ टक्केच. तेवढ्यासाठी सीमा ओलांडण्यात अर्थ नाही. बँकेतून नाणं घेताना एक लक्षात असू द्या, बँक ते परत विकत घेत नाही.

सीमाभाग_हिशोब: वरचं बरोबर, पण नाणी-बिस्किटांची एक अडचण राहिली. अडीनडीला गहाण ठेवायचा विचार असेल तर बिस्किटावर बँक कर्ज देऊ शकत नाही आणि नाण्यांना ५० ग्रॅमची मर्यादा आहे. म्हणून १०० ग्रॅमचं एकच बिस्कीट नको. ५ आणि १० ग्रॅमची नाणी घ्या. गरज पडेल तेवढंच मोडता येतं.

माझं मत विचाराल तर निम्मं गोल्ड ईटीएफमध्ये (शेअर बाजारात शेअरसारखा विकत मिळणारा सोन्याचा फंड) ठेवा. डीमॅट खातं लागतं. फंड तितकं खरं सोनं कस्टोडियनकडे ठेवतो, मजुरी नाही, चोरीची भीती नाही, फक्त दरवर्षी थोडा खर्च कापला जातो. आयआरएच्या कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाणारं हेच. मात्र ईटीएफवरही सोनेतारण मिळत नाही. सरकारी सुवर्णरोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही. ॲपवरच्या 'डिजिटल गोल्ड'पासून लांब राहा. ते सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) नियंत्रणाखाली नाही असं सेबीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर सांगितलंय.

खडेबाजार_५२: लॉकर आणि कर?

निपाणीकर: आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. पूर, भूकंपात तेही नाही. त्यामुळे विमा वेगळा काढा आणि लॉकरला नॉमिनी नेमा. नेमणूक नसली की घरच्यांना कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावे लागतात.

कर: नाणी २४ महिन्यांनंतर विकली तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी तुमच्या स्लॅबप्रमाणे. ईटीएफला ही मुदत १२ महिन्यांची. बिल जपा, नाहीतर खरेदीची किंमत सिद्ध करणं जड जातं. घरातलं १ एप्रिल २००१ पूर्वीचं सोनं असेल तर त्या तारखेचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो.

सीमाभाग_हिशोब: २ लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो, आणि २ लाख किंवा जास्त रोख सराफाला घेताच येत नाही. बिलाचे तुकडे करून देतो म्हणाला तर तिथून घेऊ नका. दागिना घेतलाच तर त्यावरचा सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून दुकानातच तपासा, पैसे त्यानंतर.