मदत हवी आहे: इसिभाहाच्या पानांचा अर्क, जंतूंची चाचणी आणि हिरव्या रंगाचा घोळ

नमस्कार मंडळी,

मी डर्बनला एमएस्सी करतेय. विषय इसिभाहा, म्हणजे वॉरबर्गिया सॅल्युटॅरिस. झुलू वैद्य खोकल्यावर आणि छातीच्या तक्रारींवर या झाडाची तिखटजाळ साल देतात. साल ओरबाडून ओरबाडून रानातली झाडं संपत आलीत, म्हणून तिच्याऐवजी पानं चालतील का हे बघायचंय.

अर्क ॲसिटोनमध्ये काढलाय. पद्धत प्रिटोरियाच्या एलॉफ यांची, १९९८ची: ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क दर खळग्याला निम्मा करत न्यायचा, जंतू घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं, मग आयएनटी हे रसायन टाकायचं. जंतू जोमात असतील तिथे लाल रंग येतो. पण माझे सुरुवातीचे खळगे क्लोरोफिलमुळे इतके गर्द हिरवे, की लाल आलाय की नाही तेच दिसेना! स्टॅफिलोकॉकसचा निकाल नेमका तिथेच अडकलाय. ई. कोलाय दाद देत नाही, पण त्याचं बाहेरचं आवरण चिवट, त्यामुळे ते अपेक्षितच. कोळशाने हिरवा रंग काढून टाकू का?

दुसरं, दाहाची चाचणी. मॅक्रोफेज या संरक्षक पेशींना अर्क आणि एलपीएस (जंतूंच्या आवरणातला, दाह चेतवणारा पदार्थ) देऊन ग्रीस रीएजंट या रसायनाने नायट्राइट मोजलं; पेशींनी दाहात बनवलेल्या नायट्रिक ऑक्साइडची ती खूण. आकडा धाडकन खाली आला. गाइड खूश, मला मात्र धाकधूक. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद: काचपट्टी

ताई, कोळसा अजिबात नको, कामाचे रेणूही गिळून बसेल. शंकास्पद खळग्यातलं थोडं सुरुवातीला आणि सकाळी, दोन्ही वेळा विरळ करून आगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) पसरवा आणि वसाहती मोजा. जंतू मेले की नुसते थोपले, तेही कळेल. जंतूंशिवाय नुसत्या अर्काची एक ओळ शेजारी हवीच.

धाकधूक रास्त आहे. या झाडातलं पॉलिगोडियाल हे रसायन प्रथिनांना जाऊन चिकटतं, ते आपल्या पेशींनाही सोडत नाही. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवणार कुठून? त्याच पेशींवर एमटीटी चाचणी करा (जिवंत पेशी एमटीटी हे रसायन जांभळं करतात), पण आधी अर्क धुऊन टाका. काही अर्क स्वतःच एमटीटीला जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात.

धागाकर्ती: धन्यवाद! उद्याच एमटीटी लावते. आता गाइडना हे कसं सांगायचं, तेही कुणीतरी सुचवा :)