मोठ्याने वाचून दाखवायला कुठली पुस्तकं खरी उतरतात?

वृंदा_नारायणपेठ

नमस्कार. जेवणं आटोपली की रोज रात्री मी आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, पुस्तक वाचून दाखवते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे. कडेचं दिसतं, त्यामुळे घरात हिंडतात-फिरतात, पण अक्षर लागत नाही. उभं आयुष्य सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेलं. खिळ्यांच्या उलट्या ओळी ते आपण छापील पान वाचतो तितक्या सहज वाचायचे. असा माणूस ऐकायला बसला की वाचणाऱ्याची परीक्षाच असते. मी एखादा स्वल्पविराम गिळला तर लगेच विचारतात, "तिथे काही होतं का गं?" आणि बहुतेक वेळा असतंच.

मुलाने फोनवर ऑडिओबुकं लावून दिली होती. आवाज चांगला होता, पण अण्णांना मध्येच थांबवायचं असतं, मागचा परिच्छेद पुन्हा ऐकायचा असतो, एखाद्या गावाचं नाव आलं की त्या गावाबद्दल बोलायचं असतं. म्हणून वाचन माझ्याकडे आलं, आणि आता दिवसातला तो वेळ मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

पुस्तकांची अडचण नाही. पुणे मराठी ग्रंथालय घरापासून चालत जाण्याएवढ्यावर आहे, नाहीतर अप्पा बळवंत चौक आहेच. अडचण निवडीची आहे. मनातल्या मनात वाचताना जे पुस्तक फार आवडलं होतं, ते तोंडाने वाचताना तसंच राहतं असं नाही. काही पुस्तकं वर चढतात, काही खाली येतात. आमचा अनुभव सांगते.

सगळ्यांत वर 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचा पहिला भाग १९३४ साली आला, पण वाचताना वाटतं की बाई समोर बसून बोलताहेत. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचं, हे त्या ज्या सुरात सांगतात, त्यात तक्रार नाही आणि कौतुकही नाही. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्या वेळची पानं वाचताना मला दोनदा पाणी प्यावं लागलं. वाक्यं लहान, साधी, कुठे जोर द्यायचा ते आपोआप कळतं. अण्णा म्हणाले, "या बाईंचं कंपोझिंग करायला मिळालं असतं तर बरं झालं असतं." त्यांच्याकडून याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

'बनगरवाडी' तर थोड्याच रात्रींत संपली आणि लगेच पुन्हा सुरू केली. माडगूळकर वर्णन करतात आणि बाजूला होतात. शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जू खांद्यावर घेते ते पान वाचून झाल्यावर अण्णा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मीही पुढे वाचलं नाही.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' बद्दल माझं मत पूर्ण बदललं. कॉलेजात वाचली तेव्हा नायक चक्रधर मला कोरडा, आपल्याच तंद्रीतला वाटला होता. मोठ्याने वाचताना कळलं की तो कोरडेपणा बेडेकरांनी जाणून ठेवला आहे, म्हणून शेवटी हॅर्टाची पत्रं इतकी लागतात. १९३९ साली, महायुद्ध पेटलं त्याच वर्षी, एका मराठी लेखकाने जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंची बोट कादंबरीत आणली, याचं मला फार मोठं वाटतं.

'एक होता कार्व्हर' ऐकायला नातही येऊन बसायची, तो काळ आनंदाचा गेला.

'स्वामी' मात्र चाललं नाही. रणजित देसाईंचे चाहते रागावतील, पण आम्हा दोघांचं मत एकच पडलं. एकेक प्रसंग डौलदार आहे. पण सगळेच जण भरजरी बोलतात, आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री माधवराव कोण बोलताहेत आणि राघोबादादा कोण, हे मला आवाज बदलून दाखवावं लागत होतं. पुस्तकाने ते स्वतःच करायला हवं.

तर प्रश्न असा: पुढे काय घ्यावं? अर्ध्या-पाऊण तासात एक टप्पा यावा. संक्षिप्त आवृत्ती नको, अण्णांना काटछाट खपत नाही. दुःखाचं पुस्तक चालेल, पोकळ नको. ज्यांनी खरंच कुणाला मोठ्याने वाचून दाखवलं आहे, त्यांनी आवर्जून लिहा.

मोडीवाला

वृंदाताई, डोळे मिटून 'माझा प्रवास' घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, एवढीच आशा. आणि सापडले बंडाच्या ऐन वणव्यात. झाशीला वेढा पडला तेव्हा हा माणूस आत होता. शहर पडल्यावरची लूट आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि पुढे म्हातारपणी सगळं लिहून काढलं.

मी हे माझ्या आजोबांना वाचून दाखवलं आहे, म्हणून सांगतो. भटजींना आपण इतिहास लिहितोय असं वाटतच नाही. जेवायला काय मिळालं, दक्षिणा किती, राणीचा दिनक्रम कसा, कुठे लुटले गेलो, सगळं एकाच पट्टीत. जवळची कमाई जाते, तरी माणूस गंगाजलाची कावड घेऊन घरी येतो. आजोबा तिथे नेहमी हात जोडायचे.

आवृत्ती पाहून घ्या. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली पुस्तक छापलं तेव्हा भाषेवर आणि मजकुरावर हात फिरवला होता. नंतर दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून ते जसंच्या तसं आणलं. अण्णांना काटछाट खपत नसेल तर पोतदारांचीच प्रत घ्या. जुन्या वळणाची वाक्यं पहिल्या काही पानांत अडतील, कुठे थांबायचं ते आधी स्वतः वाचून ठरवावं लागेल. पुढे जीभ वळते. आणि अण्णांना हेही सांगा, की ते हस्तलिखित आपल्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, सदाशिव पेठेत, त्यांच्या छापखान्याच्या टापूतच.

'स्वामी' बद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. थेऊरची शेवटची प्रकरणं एकदा सलग वाचून बघा.

चैत्रपालवी

'ऋतुचक्र', दुर्गा भागवत. बारा महिन्यांचे बारा लेख आहेत. सलग वाचू नका, ज्या महिन्यात आहात तो वाचा आणि पुस्तक बाजूला ठेवा. ज्यांची नजर गेली आहे त्यांच्यासाठी हे पुस्तक मोलाचं आहे. बाई रंग तर सांगतातच, पण वास आणि आवाजही सांगतात. माझ्या मावशीला मी चैत्राचा लेख वाचून दाखवला, तर दुसऱ्या दिवशी तिने मला खाली नेऊन पिंपळाच्या नव्या पानांना हात लावून बघितलं.

वऱ्हाडी_हडपसर

मी मूळचा अमरावतीकडचा, नोकरीमुळे हडपसरला. माझं एकच नाव, उद्धव शेळक्यांची 'धग'. १९६० ची कादंबरी. कौतिक नावाची बाई, शिंपीकाम करणारा नवरा, मुलं आणि गरिबी. नवऱ्याला पुढे महारोग होतो. कौतिक हटत नाही. यापेक्षा जास्त कथा सांगत नाही.

पुण्यात ही कादंबरी कमी वाचली जाते असं माझं निरीक्षण आहे, आणि कारण बहुधा बोलीचं असावं. संवाद अस्सल वऱ्हाडी आहेत. डोळ्यांनी वाचताना पुणेकर अडखळतो, पण कानाला ते लगेच उमजतं. माझी बायको साताऱ्याकडची. तिला मी रोज रात्री थोडी थोडी वाचून दाखवली. सुरुवातीला तिने बरेच शब्द विचारले. नंतर विचारणं थांबलं आणि कौतिकच्या नावाने ती माझ्याशी भांडायला लागली, की तुमच्याकडच्या बायांनी एवढं का सोसायचं.

तुम्ही म्हणालात दुःख चालेल, पोकळ नको. 'धग' मध्ये एक वाक्य पोकळ नाही. शेळके कौतिकची कीव करत नाहीत, तिला देवीही बनवत नाहीत. ती संतापते, हिशेब करते, चुकते. फक्त झोपण्याच्या आधी फार उशिरापर्यंत वाचू नका, झोप लागत नाही.

लॉ_कॉलेज_रोड

माझं थोडं वेगळं सुचवणं आहे. दोन पुस्तकं एकत्र घ्या. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. दोन्ही १९६७ ची. दोन्ही महाभारतावर. आणि दोन्हींतला कर्ण एकमेकांना ओळखणार नाही इतका वेगळा.

सावंतांचा कर्ण स्वतः बोलतो. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण हेही आपापल्या परीने बोलतात. त्यामुळे वाचणाऱ्याला आवाजाची सोय आहे, पण भाषा तुम्हाला 'स्वामी' सारखीच जड वाटेल, हे आधीच सांगते. मी आईला वाचून दाखवताना उपमांवर उपमा येऊ लागल्या की दम लागायचा. तरीही आई त्या कर्णासाठी रडली, हे खरं.

इरावतीबाईंचं उलट आहे. डेक्कन कॉलेजात शिकवणारी ही बाई भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन लिहिते. ती आवृत्ती १९१९ साली सुरू झाली आणि १९६६ साली पुरी झाली, म्हणजे 'युगान्त' अगदी तिच्या पाठोपाठचं. गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे बाई घरातल्या मोठ्या बायकांकडे पाहावं तशा पाहतात. एक लेख एका बैठकीत होतो. आणि 'युगान्त' ऐकताना माणूस गप्प बसूच शकत नाही. आई प्रत्येक पानावर "असं कसं म्हणते ही?" म्हणायची. भीष्मावरचा लेख तर आमच्याकडे तीन दिवस पुरला, कारण वाद संपेना. अण्णांना थांबवून बोलायला आवडतं म्हणालात, तर त्यांच्यासाठी हेच.

शेवटी द्रौपदी पडते आणि भीम तिच्याजवळ थांबतो, तो प्रसंग इरावतीबाईंनी स्वतःच्या कल्पनेने लिहिला आहे आणि तसं सांगितलंही आहे. ते पान वाचायच्या आधी एकदा मनात वाचून ठेवा. माझा आवाज फुटला होता.

पांडुरंगचा_रूममेट

कुणी 'कोसला' म्हटलं नाही म्हणून म्हणतो. हॉस्टेलवर आम्ही आलटून पालटून मोठ्याने वाचायचो. पुण्यातल्या हॉस्टेलची पानं ऐकताना सगळे हसायचे. नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं आली तेव्हा ज्याच्या हातात पुस्तक होतं त्याने ते पुढच्याला दिलं, त्याने त्याच्या पुढच्याला. १९६३ च्या पुस्तकाने १९ वर्षांच्या मुलांना असं धरून ठेवावं, यातच सगळं आलं. अण्णांना आवडेल की नाही सांगता येत नाही, पण गद्याचा ताल त्यांच्या कानाला नक्की कळेल.

वृंदा_नारायणपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं मी अण्णांना एकेक करून वाचून दाखवली, तीही स्वल्पविरामांसकट.

गोडसे भटजींचं नाव ऐकल्याबरोबर ते उठून बसले. "पोतदारांची प्रत? तीच आण." ग्रंथालयात चौकशी केली, प्रत बाहेर गेली आहे, परत आली की ठेवून देतील. तोवर काल 'युगान्त' मधला गांधारीचा लेख घेतला. लॉ कॉलेज रोडवाल्या ताई, तुमचं खरं ठरलं. दोन पानं झाली आणि अण्णांनी हात वर केला. बाईने डोळ्यांवर पट्टी बांधली ती रागाने की पातिव्रत्याने, यावर ते आणि माझा नवरा पाऊण तास बोलत होते. अण्णा गांधारीच्या बाजूने फार पोटतिडकीने बोलले. डोळे असून न पाहण्याबद्दल त्यांना जे वाटतं, ते त्यांनी आम्हाला याआधी कधी सांगितलं नव्हतं. लेख अर्धाच झाला, उरलेला आज.

मोडीवाले, थेऊरची प्रकरणं पुन्हा वाचीन, पण स्वतःशी. अण्णांनी नकार दिला आहे.

'मृत्युंजय' सध्या नको. 'ऋतुचक्र' घरात आहे, आत्ताच्या महिन्याचा लेख रविवारी सकाळी वाचायचा ठरलं, उजेडात, गॅलरीत बसून. 'कोसला' नातीने मागून घेतली आहे, ती म्हणते तिची ती वाचून दाखवणार.

'धग' माझ्यासाठी घेते आहे. आधी एकटीने पुरी वाचीन आणि मग अण्णांपुढे. वऱ्हाडीदादा, शब्द अडले तर विचारीन, विशेषतः उच्चार. बोली चुकीची वाचली तर अण्णांना कळणार नाही कदाचित, पण कौतिकशी तो अन्याय होईल. एक आत्ताच सांगा: संवादांत "व्हय" आणि "हाव" दोन्ही आलं तर सूर कुठे वर जातो आणि कुठे खाली?