विचाराला इतक्यात निरोप नको

'विचार थांबला की साक्षात्कार' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. गाढ झोपेतही विचार थांबतात. उठल्यावर कुणी ज्ञानी झालेला नसतो. वेदान्तात श्रवणानंतर, म्हणजे गुरूकडून ऐकल्यानंतर, मनन म्हणजे त्यावर विचार सांगितलाय, तो शंका फेडायला. पण शंका फिटली तरी 'मी म्हणजे देह' ही जन्माची सवय उरतेच, तिच्यासाठी निदिध्यासन, म्हणजे पटलेल्या सत्याचं सतत ध्यान. विचाराची हद्द मला इथे दिसते. आमच्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) नामावर एवढा भर दिला, तो यासाठीच असावा. नामाला पांडित्य लागत नाही, आणि हा केवढा मोठा दिलासा आहे! तरी जप करताना 'हे कशासाठी?' असा प्रश्न उठतोच. तो दाबू नये, नीट विचार करूनच सोडवावा. तुम्ही अशा वेळी काय करता, ते जरूर लिहा.