तान्ह्या पोळ्याचा व्हिडिओ कोण करणार? (आमचा सोसायटी ग्रुप, मानेवाडा रोड)

वानखेडे काका (सचिव): सर्व सभासदांना नमस्कार. परवाचा तान्हा पोळा छान झाला. मुलांच्या लाकडी नंदींच्या सजावटीची बक्षिसं गणपतीत, रविवारी देऊ. त्याच दिवशी क्लब हाऊसमध्ये प्रोजेक्टरवर पोळ्याचा व्हिडिओ दाखवायचं कमिटीत ठरलं आहे. शूटिंगवाल्याला विचारलं, तो गणपतीच्या ऑर्डरींत अडकला आहे. घरच्या घरी कोणी करून देईल का?

गजूभाऊ बी-१०२: काका, व्हिडिओ तर ग्रुपवरच पडून आहेत ना ढीगभर. तेच लावून द्या एकामागून एक 😄

शिल्पा ए-४०३: नको भाऊ. त्यातले अर्धे फरशीचे आणि पायांचे आहेत.

मीनल काकू ए-२०४: मी करते. शिकायचं कधीचं मनात होतं. मुलाचा जुना लॅपटॉप आहे. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं तेवढं सांगा.

ऋचा सी-३०१: काकू फोनवरच करा ना. व्हीएन नाहीतर इनशॉट. मी रील त्यावरच करते.

निखिल डी-२०२: दा विंची रिझॉल्व घ्या काकू. फुकट आहे, सिनेमे होतात त्यावर.

तुषार बी-५०३: निखिल, सिनेमे होतात म्हणूनच नको. त्याला बरं ग्राफिक्स कार्ड अन् १६ जीबी रॅम पाहिजे, नाहीतर चित्र अडकत अडकत चालते. ऋचा म्हणते तेही खरं आहे, पण एवढ्या क्लिपा फोनच्या पडद्यावर बोटानं सरकवत बसल्या तर काकूंचे डोळे जातील. काकू, रॅम किती? विंडोज कोणतं?

मीनल काकू ए-२०४: ८ जीबी. विंडोज १०.

गजूभाऊ बी-१०२: त्यात मूव्ही मेकर असते ना बा? आमच्या साल्याच्या लग्नाची सीडी त्यावरच केली होती.

तुषार बी-५०३: ते मायक्रोसॉफ्टनं २०१७ च्या जानेवारीतच बंद केलं भाऊ. आता त्या नावानं नेटवर जे मिळते ते दुसऱ्याच कोणाचं असते, त्याच्या नादी लागू नका. विंडोज ११ असतं तर क्लिपचॅम्प आत बसूनच आलं असतं, तेही नवशिक्याला चांगलं आहे. काकूंसाठी मी शॉटकट म्हणेन. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, ईमेल मागत नाही, व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारत नाही, नेट गेलं तरी चालते. शॉटकट डॉट ऑर्ग इथूनच उतरवा.

मीनल काकू ए-२०४: बरं. आज हरतालिका, उपास आहे, स्वयंपाकाची घाई नाही. दुपारी बसते.

वानखेडे काका (सचिव): 🙏🙏

मीनल काकू ए-२०४: तुषार, उघडलं रे. वर डबे, खाली पट्टे. काहीच कळून नाही राहिलं.

तुषार बी-५०३: काकू, त्या खिडकीत बटणं पुष्कळ आहेत, या आठवड्यात तुम्हाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच लागतील. जरा लांब लिहितो.

खालचा पट्टा म्हणजे टाइमलाइन. वेळ डावीकडून उजवीकडे जाते. त्यावर उभी रेघ आहे ती प्लेहेड, ती जिथे उभी असेल ते चित्र वर दिसते. क्लिप फाइल-खिडकीतून ओढून टाइमलाइनवर सोडायची. आता जो भाग नको त्याच्या सुरुवातीला रेघ न्या आणि एस दाबा, क्लिपचे दोन तुकडे होतील. नको असलेला भाग संपतो तिथे नेऊन पुन्हा एस. मधला तुकडा निवडून एक्स दाबला की तो जातो आणि मागचं सगळं सरकून येऊन चिकटते. एक्सच्या ऐवजी झेड दाबलं तर तुकडा जातो पण जागा रिकामीच राहते, तिथे काळा पडदा दिसेल. स्पेसबार दाबला की चालते, पुन्हा दाबला की थांबते. कंट्रोल झेडनं चुकलेलं मागे घेता येते.

आणि बिनधास्त कापा. मूळ व्हिडिओला काही होत नाही. सॉफ्टवेअर फक्त लिहून ठेवते की अमुक फाइल, इतक्या सेकंदापासून इतक्या सेकंदापर्यंत दाखवायची.

मीनल काकू ए-२०४: मग मी सेव्ह करते तेव्हा काय सेव्ह होते? व्हिडिओ कुठे राहते?

तुषार बी-५०३: हा प्रश्न लोक सगळं बिघडल्यावर विचारतात, तुम्ही आधी विचारला 👏 सेव्ह होते ती एमएलटी नावाची छोटीशी फाइल, तिच्यात नुसत्या त्या नोंदी असतात. व्हिडिओ जिथे आहेत तिथेच राहतात. म्हणून काम सुरू करायच्या आधी एक फोल्डर बनवा, पोळ्याच्या सगळ्या क्लिपा, फोटो, आवाज त्यात टाका, आणि मग त्या फोल्डरला हात लावू नका. नाव बदललं, दुसरीकडे हलवलं, की उद्या सॉफ्टवेअर विचारेल, फाइल कुठे गेली. पेनड्राइव्ह लावून त्यावरूनच एडिट करणं तर अजिबात नको.

तुषार बी-५०३: सगळ्यांसाठी: ग्रुपवर टाकलेल्या क्लिपा काकूंना चालणार नाहीत. व्हॉट्सअॅप व्हिडिओ दाबून लहान करते, प्रोजेक्टरवर ते सगळं पुसट दिसेल. ज्यांनी ज्यांनी शूट केलं त्यांनी मूळ फाइल काकूंना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पेपरक्लिपचं चिन्ह, मग डॉक्युमेंट, मग फाइल. तशी २ जीबीपर्यंत फाइल आहे तशी जाते.

गजूभाऊ बी-१०२: हाव. पाठवतो. माझ्यात मारबतीच्या मिरवणुकीचे पण आहेत, सकाळी महाल भागात गेलो होतो. पिवळी मारबत अगदी जवळून आली आहे, बडग्यांचे पुतळे पण आहेत.

शिल्पा ए-४०३: मारबत वेगळी ठेवा ना. हा पोट्ट्यांचा व्हिडिओ आहे.

गजूभाऊ बी-१०२: एक तरी बडग्या घ्या हो. दिवस तर एकच होता.

मीनल काकू ए-२०४: घेऊ गजूभाऊ, सुरुवातीला. तुषार, एक झालं बघ. ऋचाची क्लिप पहिली टाकली तर सगळंच उभं होऊन राहिलं. तुझी आडवी क्लिप मधे बारीकशी दिसते, वर-खाली काळं.

तुषार बी-५०३: व्हिडिओ मोड ऑटोमॅटिकवर आहे. तसं असलं की शॉटकट पहिल्या क्लिपचं माप अख्ख्या प्रोजेक्टला लावते. सेटिंग्जमध्ये व्हिडिओ मोड, तिथे एचडी १०८०पी ३० एफपीएस निवडा, म्हणजे आडवा पडदा आणि सेकंदाला ३० फ्रेम, फ्रेम म्हणजे एकेक चित्र. आता उभ्या क्लिपांच्या दोन्ही बाजूंना काळं येईल. त्यांच्यावर ब्लर पॅड नावाचा फिल्टर टाकला तर काळ्याच्या जागी त्याच चित्राचा धूसर भाग भरतो. मला तो सगळीकडे आवडत नाही, पण उभ्या क्लिपा जास्त असतील तर काळ्यापेक्षा बरा. ऋचा, पुढच्या वेळेस मोबाइल आडवा 🙏

ऋचा सी-३०१: आडवा धरला तर रील कशी होईल दादा 🙄

निखिल डी-२०२: एवढं सगळं करण्यापेक्षा एआयला द्या ना. क्लिपा टाकल्या की आपोआप कापून देते, गाणं पण लावते.

तुषार बी-५०३: देते. पण कोणतं पोट्टं कोणाचं ते त्याला माहीत नाही. चार जणांना पाच-पाच वेळा घेईल आणि सी विंगच्या धाकट्या बाळीला एकदाही नाही. मग रविवारी तिच्या आईला तू उत्तर दे.

शिल्पा ए-४०३: 😂 हे मात्र खरं.

मीनल काकू ए-२०४: मी नावांची यादी काढली आहे. नंदी घेऊन आलेली ४२ मुलं होती. प्रत्येकाला चार सेकंद दिले तरी तीन मिनिटांच्या आत होते.

तुषार बी-५०३: काकू, तुम्हाला एडिटिंग यायला लागलं. सॉफ्टवेअर कोणतंही असो, काय ठेवायचं अन् काय टाकायचं हे असं कागदावर ठरलं की हात आपोआप चालतो. एकूण लांबी सात मिनिटांच्या वर नेऊ नका. बक्षिसाची वाट पाहणारी पोट्टी बसून असतील.

शिल्पा ए-४०३: आणि मागे एखादं चांगलं सिनेमाचं गाणं लावा. नुसत्या गोंगाटात मजा नाही.

तुषार बी-५०३: वहिनी, इथे माझं थोडं ऐका. यूट्यूबवर टाकायचं असेल तर सिनेमाच्या गाण्यावर हक्काचा दावा येतो, कधी कधी व्हिडिओ दिसतच नाही. बिनदाव्याचं संगीत यूट्यूब स्टुडिओच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट मिळते. पण मला विचाराल तर संगीतच नको. डी विंगच्या आजोबांनी झडत्या म्हटल्या ना, पोळ्याची ती जुनी गाणी, त्या कोणी जवळून रेकॉर्ड केल्या आहेत का?

मीनल काकू ए-२०४: माझ्याकडे आहेत! मी त्यांच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. पूर्ण आहेत, मधे तोडलेल्या नाहीत. आमच्या गावी पोळा फुटायच्या आधी दोन बाजूंनी झडत्यांची जुगलबंदी व्हायची, आता ते ऐकायला कुठे मिळते.

तुषार बी-५०३: मग तुमचा व्हिडिओ झाला असंच समजा. नवीन माणूस आधी चित्रं जोडतो आणि शेवटी आवाजाचं काय करू म्हणून गाणं चिकटवतो. तुम्ही उलटं करा. आजोबांची ती क्लिप आधी टाइमलाइनवर टाका. क्लिपवर राइट क्लिक, डिटॅच ऑडिओ. आवाज खाली वेगळ्या पट्टीवर जाईल. त्याला आता हलवायचं नाही. कंट्रोल आय दाबून वर व्हिडिओची आणखी एक पट्टी घ्या, आणि तिच्यावर पोट्ट्यांच्या क्लिपा ठेवत जा. वरच्या पट्टीतलं चित्र खालच्याला झाकते. म्हणजे कानाला झडती सलग, डोळ्याला चित्र बदलत राहते: रंगवलेलं शिंग, झूल, नंदीची चाकं, दोरी ओढणारे हात. वरच्या क्लिपांचा आवाज गेन फिल्टरनं कमी करा, अगदी बंद नको, थोडी चिवचिव मागे राहू द्या. मधेच चार-पाच सेकंद आजोबांचा चेहरा उघडा ठेवा, लोकांना कळलं पाहिजे कोण म्हणून राहिलं.

मीनल काकू ए-२०४: आणि शेवटी सगळी मुलं ओरडतात ते? एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव. ते माझ्यात मागून आलं आहे, निखिलच्या फोनमध्ये समोरून आहे.

तुषार बी-५०३: दोन्ही जुळवता येतात. आवाजाच्या पट्टीवर जी उंच-सखल नक्षी दिसते ना, त्यात हर हर महादेवच्या जागी एकदम डोंगर उभा दिसेल. निखिलच्या क्लिपमध्येही तोच डोंगर असणार. एकाखाली एक डोंगर आणा, झालं. शूटिंगवाले पाटी आपटतात ते याचसाठी. जुळल्यावर कान लावून ऐका, आवाज दुहेरी, विहिरीतून आल्यासारखा वाटला तर एखादी-दुसरी फ्रेम सरकवा. लांब क्लिपमध्ये सुरुवातीला जुळलेलं शेवटी सुटू शकते, कारण फोन दर सेकंदाला फ्रेम कमी-जास्त घेतो. शॉटकट तशी क्लिप उघडताना एडिट-फ्रेंडली करू का म्हणून विचारते. हो म्हणा.

निखिल डी-२०२: माझ्या क्लिपमध्ये क्लब हाऊसच्या आतले दिवे लपलप करतात. ते जाईल का?

तुषार बी-५०३: नाही जाणार नीट. आपली वीज ५० हर्ट्झची, फोन ३० फ्रेमवर, त्यातून ती लपलप येते. बाहेरचं ऊन होतं ते शॉट घ्या. पुढच्या वेळेस फोनमध्ये असेल तर २५ किंवा ५० फ्रेमवर ठेव.

मीनल काकू ए-२०४: मुलांची नावं खाली लिहायची आहेत. टेक्स्ट सिंपल म्हणून सापडलं. पण माझ्याकडच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये भलतीच अक्षरं येतात.

तुषार बी-५०३: तो युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखा चालणारा, नसेल. गूगल फॉन्ट्सवरून मुक्ता किंवा बालू घ्या, ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेले आहेत, दोन्ही फुकट. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा, मग यादीत दिसतील. आणि अक्षर मोठं ठेवा, शेवटच्या ओळीतल्या आज्यांना वाचता आलं पाहिजे.

गजूभाऊ बी-१०२: त्या चांदण्या, हृदयं, पान उलटणं वगैरे टाका काकू मधे मधे. जान येते.

तुषार बी-५०३: नको हो भाऊ, ती जान साल्याच्या सीडीतच राहू द्या 😄 काकू, साधा कट. फार तर सुरुवातीला आणि शेवटी फेड, म्हणजे चित्र हळूहळू उजळणं अन् विझणं, क्लिपच्या कोपऱ्यातला गोल ठिपका आत ओढला की होते.

अपर्णा सी-१०४: एक विनंती. माझ्या मुलीचा चेहरा यूट्यूबवर नको आहे. सोसायटीत दाखवायला हरकत नाही.

वानखेडे काका (सचिव): योग्य मुद्दा. यूट्यूबवर टाकायचं नाही असं ठरवू या का?

ऋचा सी-३०१: काका, अनलिस्टेड टाका ना. सर्चमध्ये येत नाही.

तुषार बी-५०३: अनलिस्टेडची लिंक एकानं मामाला पाठवली की मामा पुढे चार जणांना पाठवतो. कोणाचा एकाचाही नकार असेल तर टाकूच नका. ज्यांना पाहिजे ते काकूंकडून पेनड्राइव्हवर घेतील.

वानखेडे काका (सचिव): ठीक. यूट्यूब रद्द.

मीनल काकू ए-२०४: झालं सगळं. ६ मिनिटं ४० सेकंद. शिल्पा आणि अपर्णा येऊन बघून गेल्या. आता एक्स्पोर्ट दाबलं तर यादी केवढी मोठी आली.

तुषार बी-५०३: यादीला हात लावू नका. डीफॉल्ट ठेवा, ते एमपीफोर देते, एच २६४ मध्ये. ते कुठेही चालते. एक्स्पोर्ट फाइल दाबा, नाव द्या, बाजूला टक्के दिसतील. तेवढा वेळ लॅपटॉप चार्जरवर ठेवा. झाल्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पूर्ण बघा, टाइमलाइनवर नाही, ती बनलेली फाइल.

शिल्पा ए-४०३: मी सांगते, बडग्या आहे, झडत्या आहेत, ४२ च्या ४२ आहेत. मी मोजले.

गजूभाऊ बी-१०२: माझ्या पोट्ट्याचा नंदी किती सेकंद आहे?

मीनल काकू ए-२०४: चार. सगळ्यांना चारच.

गजूभाऊ बी-१०२: त्याचा नंदी मोठा होता ना पण 😐

वानखेडे काका (सचिव): शनिवारी आरतीनंतर प्रोजेक्टर लावून चाचणी घेऊ. एचडीएमआय वायर क्लब हाऊसच्या कपाटात नाही. ज्यांनी नेली असेल त्यांनी कृपया आणून ठेवावी.

निखिल डी-२०२: माझ्याकडे आहे काका. आवाजासाठी स्पीकरची वायर वेगळी लागेल, प्रोजेक्टरचा आवाज मागेपर्यंत जात नाही.

तुषार बी-५०३: ती मी आणतो.