विषय: कुपवाडच्या पाकिटांवर काय छापायचं? शुक्रवारी प्रूफ

खजिनदार:

सगळ्यांना,

प्रेसवाल्यांचा सकाळी निरोप आला. शुक्रवारपर्यंत मजकूर हातात पडला नाही तर आपलं काम लग्नपत्रिकांच्या मागे जाणार, मग तीन आठवडे विसरा. सांगलीजवळच्या कुपवाडच्या दवाखान्यासाठी १०,००० औषधाची पाकिटं, ३ बाय ५ इंच, पांढरा मॅपलिथो कागद, एक रंग. दोन रंग हवे असतील तर भाव दीडपट होतो. तो वरचा खर्च कुठून काढायचा हे दुसरा रंग मागणाऱ्यानेच सांगावं.

मला तीनच उत्तरं हवीत. भाषा किती, चित्रं हवीत का, आणि मंडळाचं बोधचिन्ह कुठे. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखं करू नका, ही हात जोडून विनंती.

सांस्कृतिकच्या ताई, न्यू जर्सी:

पाच भाषा: मराठी, हिंदी, कन्नड, उर्दू, इंग्रजी. दवाखान्यात सगळ्या समाजाचे लोक येतात, कुणाला परकं वाटायला नको. बोधचिन्ह वर मधोमध, गणपतीसकट, खाली "आरोग्यम् धनसंपदा". मी डिझाइन करून जोडलं आहे. फाँट बदलू नये.

डॉक्टरताई, कुपवाड:

ताई, डिझाइन देखणं आहे, पण पाच भाषा छापल्यावर लिहायला जागाच उरत नाही. पाकिटावर आम्हाला रोज हाताने लिहावं लागतं ते असं: रुग्णाचं नाव, गोळीचं नाव आणि ताकद, किती गोळ्या, कधी, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. त्यालाच निम्मं पाकीट जातं.

दुसरं म्हणजे गोळ्या चुकतात त्या बहुतेक भाषेमुळे चुकत नाहीत. "१-०-१", म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे मराठीतही कळत नाही. मधलं शून्य म्हणजे काय, असं म्हणून दुपारची गोळी घेतात. किंवा तीन आकडे बघून तीन गोळ्या एकदम. एमआयडीसीतल्या बिहारी मुलांना हिंदी वाचता येतं, त्यांची अडचण निराळीच आहे: रात्रपाळी असली की "सकाळ" म्हणजे झोपायची वेळ.

जतकर:

डॉक्टरताईंच्या पहिल्या मुद्द्याला विरोध. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. तिथे शिकलेल्या बाईला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. अशा बायका मुलांकडे राहायला कुपवाडला येतात आणि औषध आणायला एकट्याच जातात. तेव्हा कन्नड लिपी पाहिजेच. उर्दू ठेवता आणि कन्नड काढता, असं करू नका. मंडळाच्या हिशेबात जत नेहमी शेवटीच येतं, पाण्यासारखं.

डॉक्टरताई:

काढलं कुणी? वाचणाऱ्यासाठी कन्नड लिपीत तीनच शब्द ठेवू: सकाळ, दुपार, रात्र. पण माझी मुख्य अडचण काउंटरवरची आहे. गोळ्या देणारी मुलगी बुधगावची, तिला कन्नडचं अक्षर येत नाही. तिला बोलायला देवनागरीत लिहिलेला तक्ता द्या. तो पाकिटावर नको, काउंटरच्या काचेखाली राहील.

जतकर:

घ्या. सकाळी: बेळिग्गे. दुपारी: मध्याह्न. रात्री: रात्री, आपलाच शब्द. जेवणाआधी: ऊटद मुंचे. जेवणानंतर: ऊटद नंतर. उपाशीपोटी: खाली होट्टे. यातला "नंतर" मराठी आणि "खाली" हिंदी, तेव्हा तुमच्या मुलीला पाठ करायला उरलं काय? ऊट म्हणजे जेवण, होट्टे म्हणजे पोट, बेळिग्गे म्हणजे सकाळ, मुंचे म्हणजे आधी. चार शब्द.

औषधवाले काका, मिरज:

भाषेवर भांडा, पण पाकिटात काय घालणार ते आधी ठरवा. गेल्या पावसाळ्यात ॲस्पिरिनच्या सुट्या गोळ्या कागदी पाकिटात दिल्या, आठ दिवसांत व्हिनेगरचा वास. दमट हवेत ॲस्पिरिन फुटतं, वास त्याचाच. फिटचं सोडियम व्हॅलप्रोएट तर हवेतलं पाणी ओढून चिकट होतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह पट्टीतून बाहेर काढायचंच नाही. थायरॉइडची गोळी बाटलीतच ठेवायची, आणि जिभेखाली ठेवायची छातीदुखीची नायट्रोग्लिसरीनची गोळी तिच्याच काचेच्या बाटलीत. कागदी पाकिटात पट्टीचा तुकडा कापून घाला, सुटी गोळी नको.

पट्टी कापताना ज्या टोकाला बॅच आणि मुदत छापलेली असते ते टोक शेवटी संपवायचं. उलटीकडून कापलं तर उरलेल्या पट्टीची मुदत कळायला मार्ग नाही, मग ती फेकावी लागते.

लिहायला साधं बॉलपेन. जेलपेनचं अक्षर ओल्या हाताने पुसलं जातं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा निवारा केंद्रांत लोक औषधाची पाकिटं घेऊन यायचे आणि त्यावर नुसता निळा डाग. त्या लोकांना बीपीची कुठली गोळी चालू होती हे रंगावरून ओळखायची पाळी आली.

आणि गणपती नको. पाकीट शेवटी केरात जातं, पायदळी येतं.

सांस्कृतिकच्या ताई:

गणपतीचं पटलं. पण बोधचिन्हाचा निर्णय सांस्कृतिक समितीकडे असतो, औषधाच्या दुकानाकडे नाही, एवढी नोंद असावी. मागच्या बाजूला नुसतं मंडळाचं नाव ठेवू.

डॉक्टरताई:

काकांचं सगळं मान्य. आता जेवणाबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. "रात्री जेवणानंतर" हे दोन शब्द चार घरांत चार वेळा दाखवतात.

सूर्यास्ताआधी जेवण पाळणारी जैन घरं आपल्याकडे भरपूर. रात्रीचं जेवण सहाच्या आत, काहीजण पुढे पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यांना "रात्री" लिहिलं की एकतर गोळी चुकते, नाहीतर नऊ वाजता रिकाम्या पोटी जाते. साखरेचं मेटफॉर्मिन असं रिकाम्या पोटी गेलं की मळमळ, जुलाब, आणि आठवड्यात गोळी बंद. त्यांना संध्याकाळच्या जेवणाबरोबर असंच लिहायचं. कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन कुठल्याही वेळी चालते, तिच्यासाठी रात्रीचा हट्ट धरू नये.

रमजानमध्ये तर वेळापत्रकच उलटं होतं. चांद दिसायच्या आधी पंधरा दिवस विचारायचं, रोजे धरणार का. साखर उतरवणारी सकाळची ग्लिमेपिराइड तशीच घेऊन दिवसभर उपास केला तर दुपारी चारला साखर घसरते. ती इफ्तारला सरकवायची, मेटफॉर्मिन सेहरी आणि इफ्तारला वाटून द्यायचं. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हे घरच्यांसमोर सांगायचं, एकट्याला नाही. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक मौलाना सांगतात. हे मी सांगण्यापेक्षा मशिदीतून सांगितलेलं जास्त चालतं.

एकादशीवाल्यांना वाटतं उपास म्हणजे साखर कमी. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाऊन ती वाढते.

ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे चारला फडात. भाकरी कधी निघण्याआधी, कधी गाडी भरल्यावर अकराला. तिथे "सकाळी" लिहून ग्लिमेपिराइड देणं धोक्याचं, "पहिल्या भाकरीबरोबर" असं सांगायचं. शिवाय कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी बीडला परत, म्हणून मार्चमध्ये दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणि सोबत कार्ड. मुकादमाकडे कार्ड द्यायचं नाही, बाईच्या हातात द्यायचं.

लंडनकर:

साखरेचा विषय निघालाच आहे तर, माझ्याकडे सहा नवी ग्लुकोमीटर पडून आहेत. डिसेंबरला येतोय, घेऊन येऊ?

डॉक्टरताई:

नको. तुमच्याकडचं यंत्र मिलिमोलमध्ये आकडा दाखवतं, इकडे मिलिग्रॅम. फरक १८ पटींचा. पडद्यावर १५.० दिसलं तर इकडचा माणूस खूश होतो, हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून. ती साखर २७० असते. आणि त्या यंत्राच्या पट्ट्या सांगलीत मिळत नाहीत. पहिली डबी संपली की यंत्र खेळण्यात.

औषधवाले काका:

तेच इन्सुलिनच्या सिरिंजचं. अमेरिकेहून आलेला नारिंगी टोपणाचा खोका अजून माझ्याकडे कुलपात आहे, वाटलेला नाही. विचारणाऱ्यांसाठी शेवटचं सांगतो. इकडे इन्सुलिनची साधी बाटली ४० ची असते, म्हणजे १ एमएलमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० च्या इन्सुलिनसाठी. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर ०.२ एमएल येतं, म्हणजे ८ युनिट. साखर वाढतच राहते आणि डॉक्टर डोस वाढवत राहतात. उलट केलं, म्हणजे पेनच्या १०० च्या काडतुसातून लाल सिरिंजने २० ओढलं, तर ५० युनिट जातात. माणूस बेशुद्ध.

खोका परत पाठवायचा असेल तर पाठवा, माझ्या दुकानात जागा कमी आहे.

लंडनकर:

मग काय आणू?

औषधवाले काका:

काही आणू नका. इथे पैसे द्या, इथलंच घेतो.

खजिनदार:

सिरिंजचा ठराव मार्चच्या बैठकीत झालेला आहे, कृपया उकरून काढू नये. मी तीन प्रश्न विचारले होते. आज बुधवार.

एक सभासद, पर्थ:

कृपया सगळ्यांना उत्तर पाठवू नका. माझ्याकडे पहाट आहे.

सांस्कृतिकच्या ताई:

चित्रं मी काढते. सकाळ: उगवता सूर्य. दुपार: डोक्यावर सूर्य. संध्याकाळ: मावळता सूर्य. रात्र: चंद्रकोर. जेवणाआधी: रिकामं ताट. जेवणानंतर: भरलेलं ताट. उद्या पाठवते. दवाखान्यात रांगेतल्या दहाबारा जणांना दाखवून "हे काय?" एवढंच विचारा, उत्तर सुचवू नका.

डॉक्टरताई:

आज ओपीडीत दाखवली. निकाल असा.

उगवता आणि मावळता सूर्य एकच दिसतो. म्हणून संध्याकाळचा चौकोनच काढून टाकला. संध्याकाळी घ्यायची गोळी असेल तर पाकिटावर लिहू आणि तोंडी सांगू. मधे ताईंनी सकाळसाठी कोंबडा सुचवला होता, तोही दाखवला. तिघांनी विचारलं, "कोंबडी खायची नाही का?" पथ्य म्हणून घेतलं. कोंबडा रद्द.

रिकामं ताट सपशेल चुकलं. ताट रिकामं म्हणजे जेवण झालं, असं बहुतेकांनी सांगितलं, आणि खरंच आहे ते. आता दोन्हीकडे भरलेलंच ताट. आधी गोळी मग ताट, किंवा आधी ताट मग गोळी. त्यातही उर्दू वाचणाऱ्या दोघींनी उजवीकडून वाचलं आणि क्रम उलटा लागला. म्हणून चित्रांवर १ आणि २ घालायचे, इंग्रजी आकड्यात. मोबाइल आणि नोटांमुळे तो आकडा सगळ्यांना ओळखता येतो.

अर्ध्या गोळीचं चित्र ठेवा, पण काउंटरवर तंबी हवी: ज्या गोळीच्या नावामागे एसआर किंवा एक्सआर आहे ती सांगितल्याशिवाय मोडायची नाही, चावायची तर कधीच नाही. मोडली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

आणि सगळ्यात शेवटी मुलीने पाकीट हातात देऊन विचारायचं: "उद्या सकाळी यातली कुठली घेणार, दाखवा बघू." "कळलं का?" असं विचारायचं नाही. त्याला सगळेच हो म्हणतात.

औषधवाले काका:

लहान मुलांच्या पातळ औषधाला पाकीट नसतं, तिथे काय? पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या येतात. ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम, ५ एमएलमध्ये २५०, आणि थेंबांची, १ एमएलमध्ये १००. दहा किलोच्या पोराला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर पहिलीचं सव्वासहा एमएल, दुसरीचं ३, थेंबांचं दीड. थेंबांची बाटली आणि घरातला चमचा एकत्र आले की पाचशे मिलिग्रॅम पोटात. बाटलीला चिकटवायला लहान लेबल याच कागदात काढून घ्या, आणि खुणेचं टोपण किंवा सिरिंज दिल्याशिवाय बाटली द्यायची नाही. ओआरएसच्या लिटरच्या पुडीवर बिसलेरीच्या लिटरच्या बाटलीचं चित्र टाका, लोक एका पेल्यात अख्खी पुडी कालवतात.

डॉक्टरताई:

लेबल हवंच. कॅप्सूलबद्दलही एक ओळ तक्त्यावर टाका: टोपण जिलेटिनचं असतं, जैन आणि मुस्लिम दोन्हीकडून विचारणा होते. ओमेप्राझोलऐवजी पँटोप्राझोलची गोळी, अमॉक्सिसिलिनची विरघळणारी गोळी. आधी विचारून बदललं तर ठीक, नाहीतर घरी जाऊन टोपण उघडून पूड पाण्यात घालतात.

खजिनदार:

ठरलं ते लिहितो, यापुढे बदल नाही. समोर: नाव, औषध, ताकद, दिवस, तीन चौकोन, दोन ताटं. तीन शब्द मराठी, हिंदी, कन्नड, उर्दू. मागे मंडळाचं नाव, लहान अक्षरात. जुनी हजार पाकिटं सर्दी-तापाला वापरावीत. काउंटरचा तक्ता वेगळा, ए-फोर, दोन प्रती लॅमिनेट. प्रूफ जोडलं आहे. उद्या दुपारी बारापर्यंत चुका कळवा, भारतीय वेळ.

जतकर:

तक्ता बघितला. तिसऱ्या ओळीत प्रेसवाल्याने अनुस्वार दिलाय. "ऊंटद नंतर" झालंय. उंटानंतर गोळी घ्यायची का? बदला.