रॉयलचा डायमंड सेलिब्रिटीवर का म्हणून चालावा?

गुहागरी नारळ

आमच्याकडे शिमग्याला पालखी घरोघर फिरते तेव्हा आधी कुणाच्या दारात थांबायची, मानाचा नारळ कुणाचा, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. शेजारच्या गावचा मानकरी पाहुणा म्हणून आला तर त्याला खुर्ची देतात, चहा देतात. नारळ देत नाहीत. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण भांडण बोटीवरचं आहे.

मुलगा फ्लोरिडात असतो. त्याच्याकडे गेलो की फोर्ट लॉडरडेलहून एखादी क्रूझ, असं बरीच वर्षं चाललंय. आम्ही दोघं सेलिब्रिटी या क्रूझ कंपनीची बोट सोडत नाही. तिथं रात्री मोजून पॉइंट मिळतात, पॉइंटांवर दर्जा चढतो आणि दर्जावर सवलती. हिशेब असा: आतल्या किंवा नुसत्या खिडकीच्या केबिनला रात्रीला २ पॉइंट, बाल्कनीला ३, त्याहून महाग खोल्यांना आणखी. ३०० झाले की तुम्ही ‘एलिट’. म्हणजे बाल्कनीतून शंभर रात्री, नाहीतर आतल्या केबिनमधून दीडशे. आम्ही दोन्ही केलं, खिसा पाहून. एलिट झालो त्या दिवशी हिनं कॉफीच्या टेबलावरच्या साखरेच्या पुड्या वाटल्या शेजारच्या टेबलांना.

आता रॉयल कॅरिबियन ही दुसरी क्रूझ कंपनी बघा. रात्रीला १ पॉइंट, सुइट असेल तर २. ८० पॉइंटांना ‘डायमंड’. दोन्ही बोटींचा मालक एकच, रॉयल कॅरिबियन ग्रुप. या दोघींत थोडीफार देवाणघेवाण आधीपासून होतीच. २०२४ मध्ये त्यांनी सिल्व्हरसी या तिसऱ्या, महागड्या बहिणीलाही सामील करून घेतलं आणि एकीकडचा दर्जा दुसरीकडे मान्य करून टाकला. रॉयलचा डायमंड म्हणजे सेलिब्रिटीचा एलिट. मी शंभरावर रात्री मोजल्या. माझ्या शेजारचा गृहस्थ रॉयलच्या घसरगुंड्यांवर ८० रात्री काढून, सुइटवाला असेल तर ४० रात्रींत, सेलिब्रिटीवर पाऊल न ठेवता माझ्याच रांगेत!

माझं म्हणणं एवढंच: मालक एक असला तरी घर वेगळं आहे. ज्या घरी राबलात त्या घरी मान घ्या. आता बोला.

श्रीवर्धनची रोठा

काका, राग मानू नका, पण तुमच्या बोलण्यात ‘मी आधी आलो’ एवढंच आहे.

तो ४० रात्रींत डायमंड होणारा सुइटवाला तुम्हाला खुपतो ना? मी पण ४० रात्रींत झाले, आणि सुइट कधी आतून पाहिलासुद्धा नाही. हे गेल्यावर मी एकटीच फिरते. सिंगापूरहून तीन-चार रात्रींच्या सफरी असतात रॉयलच्या, वर्षाला एखाद-दोन. दोघांच्या केबिनमध्ये एकटं राहिलं की रॉयल रात्रीला एक पॉइंट जास्त देते. का देते? कारण भाडं जवळजवळ दोघांचं घेते! तेव्हा माझ्या ४० रात्री म्हणजे पैशाच्या हिशेबात ८० च आहेत. आता भाचीच्या आग्रहाखातर सेलिब्रिटीवर जायचं ठरवलंय तर तिथं मी पहिलीच्या वर्गात बसायचं? त्याच मालकाला इतके पैसे मोजून?

आणि दुसरं. तुमचं गेलं काय? पॉइंट एकत्र होत नाहीत, फक्त पायरी मानली जाते. ज्या बोटीवर चढलात त्या बोटीच्या वहीत जे लिहिलंय तेवढंच मिळतं. रॉयलवर डायमंडला रोज चार पेयं फुकट, म्हणून मी सेलिब्रिटीवर चार मागितली तर कुणी देणार नाही. म्हणजे नारळ तुमच्याच गावच्या पद्धतीनं फुटतोय.

हर्णैचा बारवाला

दोघांनाही नमस्कार. मी कार्डाच्या पलीकडच्या बाजूला होतो, अकरा वर्षं, बारमध्ये. कंपनीचं नाव घेत नाही, पोरगं अजून तिथेच आहे.

कार्ड टेकवलं की मशीनवर पायरी दिसायची. ती शंभर रात्री मोजून आली की बहिणीकडून आली, हे मला दिसत नव्हतं आणि मला त्याचं घेणंदेणंही नव्हतं. मला दिसायची ती गर्दी. संध्याकाळी पाचच्या सुमारास जो लोंढा यायचा! आमच्याकडे बंदरात लिलावाला माणसं पडतात तशी. वरच्या पायरीवाल्यांची एक वेगळी खोली असायची, तिथं पूर्वी सगळ्यांना संध्याकाळी पेयं मिळायची. मग माणसं इतकी वाढली की खोली पुरेना. तेव्हा पेयं कार्डावर टाकली आणि सांगितलं, कुठल्याही बारमध्ये घ्या. लोक खूश. पण विकत घेतलेल्या ग्लासवर बिलातच आमची टीप लागलेली असते. फुकटच्या ग्लासवर लागत नाही. खिशातून एक डॉलर काढून ठेवणारे होते, नाही असं नाही. मोजके.

काकांचं खरं दुखणं मान नाही, रांग आहे. ते बरोबरच आहे. पण ताई, ‘तुमचं गेलं काय’ असं सरसकट म्हणू नका. काकांचं नसेल गेलं, ग्लास भरणाऱ्याचं जातं.

वेंगुर्ल्याचो म्हातारो

बाबानू, माका एक सांगा. ह्या सगळ्यात फुकट गावता काय? चार ग्लास दारू आणि धुतलेले कपडे. त्येच्यासाठी शंभर रात्री पाण्यात?

आमच्या वेंगुर्ल्याक मुंबयची बोट यायची तेव्हा ती भायरच नांगर टाकून उभी. पडावात बसान जावचा. डेकार वळकटी पसरली की झाला. पावसाळ्यात बोट बंद. आणि बोट लागली की कसलो मान आणि कसलो पान. सगळे एकाच बाजूक वाकान...

चिपळूणचा हिशेबनीस

आजोबा, थांबा तिथंच, जेवायची वेळ आहे.

मान, घर, नारळ हे ऐकायला छान आहे. पण हा सगळा गिऱ्हाईक बांधून ठेवायचा धंदा आहे आणि तो बोटींच्या धंद्यात नवा नाही. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरीनला स्वदेशी आगबोट कंपनी काढली तेव्हा समोरच्या इंग्रज कंपनीनं भाडं पाडत पाडत फुकटापर्यंत आणलं, वर छत्री भेट द्यायला लागले. आजचं चार पेयांचं कार्ड त्या छत्रीचंच पणतू. आपल्या किनाऱ्यावरही विलायती आणि देशी आगबोटींची अशी चढाओढ झाली, पण तो वेगळा विषय.

‘बहिणी’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. सेलिब्रिटी ही ग्रीक घराण्याची कंपनी, रॉयलकडे आली १९९७ मध्ये. सिल्व्हरसीचा मोठा हिस्सा घेतला २०१८ मध्ये, उरलेला २०२० मध्ये. ह्या सख्ख्या नाहीत, एकाच घरात दिलेल्या जावा आहेत. आणि जावांमध्ये काय वाटून घ्यायचं हे सासरा ठरवतो.

आता दुसरं सासर बघा. कार्निव्हल कॉर्पोरेशनकडे कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड, कोस्टा, सीबॉर्न अशा कितीतरी. तिथं वर्षानुवर्षं प्रत्येकीची वही वेगळी राहिली. गंमत अशी की त्याच कंपनीचे १०० शेअर्स तुमच्याकडे असले तर बोटीवर खर्चायला ठरावीक रक्कम मिळते, आणि ती त्यांच्या वेगवेगळ्या ब्रँडच्या बोटींवर चालते! म्हणजे भागधारकाला सगळ्या चुली एक, आणि शंभर रात्री राहिलेल्या प्रवाशाला प्रत्येक चूल वेगळी. काका, तुमचं ‘घर वेगळं’ हे तत्त्व त्या सासऱ्यानंसुद्धा प्रवाशापुरतंच पाळलंय. तिसरं सासर नॉर्वेजियनवाल्यांचं; त्यांनी २०२५ मध्ये ओशेनिया आणि रीजेंट या आपल्याच जावांबरोबर दर्जा मान्य करायला सुरुवात केली. वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंय.

सोयीचं का आहे, तेही सांगतो. दर्जा वाटून घ्यायला कंपनीला रोकड लागत नाही. तुम्ही साठीला पोचलात, घसरगुंडीचा कंटाळा आला, शांत बोट हवी झाली, तर तुम्ही दुसऱ्या मालकाकडे जायच्या आत याच मालकाच्या जास्त महागड्या बोटीवर जावं. यासाठीच तो पूल बांधलाय. बरं, सिल्व्हरसीवर पेयं आधीच भाड्यात धरलेली. तिथं डायमंडवाल्याला ‘तुम्ही आमचेच’ म्हणायला जातंय काय? उलट तो भाड्याच्या आकड्याला हो म्हणाला की सगळं वसूल.

गुहागरी नारळ

@ हिशेबनीस: शेअरचा मुद्दा मला माहीत नव्हता. हा मात्र अन्याय आहे. शंभर शेअर घेणारा एक दिवसही बोटीवर न जाता सगळीकडचा मानकरी!

@ रोठा: ताई, तुमच्या ४० रात्रींबद्दल मी शब्द मागे घेतो. एकट्या माणसाकडून दोघांचं भाडं घेतात तर पॉइंटही दोघांचे द्यायलाच हवेत. पण सुइटवाल्याबद्दल माझं मत तेच आहे. आणि ‘पायरी त्या बोटीच्या पद्धतीनंच’ म्हणालात, ते कागदावर. चढउतरणीची रांग मात्र एकच असते. लहान बंदरात बोट बाहेर नांगरते आणि छोट्या लाँचनं किनाऱ्यावर जायचं असतं, म्हणजे वेंगुर्लेकर आजोबांचा पडावच. तिथं वरच्या पायरीवाल्यांना आधी सोडतात. मागच्या खेपेला ‘आधी सोडायच्या’ रांगेत मी पाऊण तास उभा होतो. न सोडायची रांग आमच्या अगोदर किनाऱ्याला लागली असावी.

दाभोळ जेटी

काकांशी सहमत, पण कारण वेगळं. मला बहिणींनी दर्जा वाटून घेण्याचं काही वाटत नाही, पण पायऱ्या बरोबर जुळवा ना! रॉयल रात्री मोजते, सेलिब्रिटी खोलीचा दर्जा धरून मोजते. एकीकडे पायलीनं माप, दुसरीकडे किलोनं, आणि मग म्हणायचं दोन्हीकडचं भात सारखं. २०२६ पासून तर बसलात त्या बोटीचे पॉइंट आपल्याला हव्या त्या बहिणीच्या वहीत जमा करायची सोयही आलीय. आता तर माप आणखीच घोळात.

शिवाय ज्यांना रोख कळते त्यांनी रस्ता वेगळा धरलाय. कार्निव्हलनं जाहीर केलंय की जून २०२६ पासून रात्री नाही, खर्च मोजणार. म्हणजे एकटीनं आतल्या केबिनमधून जमवलेल्या रात्रींना कोण विचारतो? रोठाताईंनी यावर रागवायला हवं, काकांवर नाही.

श्रीवर्धनची रोठा

रागवलेय. दोन्हीकडे.

खर्चावर मोजणं म्हणजे उघडउघड देणगीच्या पाटीवर मोठ्या अक्षरात नाव. निदान रात्री मोजत होते तेव्हा गरीब-श्रीमंताची रात्र एकच होती. (सुइटची सोडून. काका, हे तुमच्यासाठी.)

भाट्याची वाळू

मी क्रूझ केलेली नाही, फक्त शंका. मुंबईहून गोव्याला आपल्या किनाऱ्याच्या बाहेरून जाते ती कॉर्डेलियाची एम्प्रेस, ती मुळात रॉयलचीच ना? मग तिच्यावर डायमंड का चालत नाही? :)

चिपळूणचा हिशेबनीस

बोट तीच. १९९० ची, जन्मनाव नॉर्डिक एम्प्रेस, पुढे एम्प्रेस ऑफ द सीज. रॉयलनं २०२० च्या शेवटी ती विकली आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून ती कॉर्डेलियाकडून धावतेय. घर विकल्यावर जुन्या मालकाची उधारी नव्याकडे मागता येत नाही, तसंच मानाचंही.

ही शंका हसण्यावारी नेऊ नका मात्र. २०१९ मध्ये मुंबईहून जलेश कंपनीची कर्णिका ही क्रूझ बोट सुरू झाली होती, आठवते? पुढच्याच वर्षी करोनात कंपनीचं आटोपलं. अशा ठिकाणी कुणी पाच वर्षांचे पॉइंट साठवत बसला असता तर? दर्जा तीन बहिणींत मान्य असेल तर एक बुडाली, विकली गेली तरी तुमचं सगळं एका बोटीबरोबर जात नाही. काकांच्या विरुद्ध हा मला सगळ्यात भक्कम मुद्दा वाटतो, आणि आत्तापर्यंत कुणी मांडला नव्हता म्हणून मीच मांडतो.

गुहागरी नारळ

हा पटला. पूर्ण नाही, पण पटला. उद्या सेलिब्रिटीच विकली गेली तर मी रॉयलच्या दारात पाट मागायला जाईन, हे कबूल.

तरी नव्यांना पहिल्या दोन सफरींत फक्त खुर्ची आणि चहा द्यावा, नारळ तिसरीपासून, असा नियम का नसावा? दर्जा मान्य करा, पण त्या बोटीवर थोडं राहिल्यावर.

हर्णैचा बारवाला

काका, हा नियम बोटीवर कोण समजावणार? रात्री अकरा वाजता तीन जण एकदम कार्ड पुढे करतात तेव्हा ‘तुमची दुसरी सफर का तिसरी’ विचारू? मशीन हिरवं झालं की ओतायचं.

वेंगुर्ल्याचो म्हातारो

जेवान झाला. आता सांगा, त्या कपड्यांचा काय?

श्रीवर्धनची रोठा

हो, मला पण तेच विचारायचं होतं. काका, सेलिब्रिटीवर एलिटला कपड्यांची एक पिशवी फुकट धुऊन मिळते म्हणे. ती केवढी असते? आमची नऊ रात्रींची आहे, साड्या नेऊ का कुर्तेच?

गुहागरी नारळ

कागदी असते, दिसायला लहान. हिनं गेल्या खेपेला तीत माझे चार शर्ट, दोन पँट, टॉवेल आणि स्वतःचे पाच कुर्ते बसवले होते. आधी गुंडाळ्या करा, मग गुडघ्यानं दाबा. साड्या नकोत, इस्त्री करून देत नाहीत. आणि पहिल्या दोन दिवसांत देऊ नका, पिशवी एकच.

हर्णैचा बारवाला

गुडघ्यानं दाबलेल्या पिशव्या लाँड्रीत माझा चुलतभाऊ उघडायचा. त्याची बाजू मी वेगळी मांडतो.