लूटन घेऊन खेळतोय, पण वहीचा ताळा जुळत नाही. एफसी २४ या फुटबॉल गेमचे स्लायडर कुठे फिरवू?

रोजमेळ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, वेळ असेल तरच वाचा.

मी मार्केट यार्डात एका भुसार पेढीवर हिशेब लिहितो. मुलगा शिकायला नागपूरला गेला आणि जाताना पीएस ४ इथेच ठेवून गेला. वर बजावून गेला की बाबा, धूळ बसू देऊ नका. धूळ बसू नये म्हणून दिवाळीत एकदा लावलं. आता रोज लावतो. हिची मालिका साडेदहाला संपते, मग टीव्ही माझा. साडेअकराला घरातले दिवे बंद. म्हणजे रात्रीचा एक सामना, फार तर दोन.

फुटबॉलचा नाद मला बालेवाडीनं लावला. २०१४ ते २०१९, एफसी पुणे सिटी होती तोवर जमेल तेव्हा बसनं जायचो. फ्रान्सच्या त्रेझेगेला मी पुण्यात खेळताना पाहिलंय. यार्डात हे सांगितलं तर लोक "कोण?" म्हणतात, इथे तरी कोणी म्हणणार नाही. टीम गेली त्यानंतर कुठल्या क्लबात जीव रमेना. मग इंग्लंडच्या लूटन क्लबच्या मैदानाचा एक व्हिडिओ पाहिला. घरांची रांग, त्या घरांच्या पोटातून काढलेलं फाटक, आणि आत प्रीमियर लीग! आमच्या पेठेत दिंडीदरवाजातून वाड्यात शिरावं अगदी तसं. करिअर मोडला (एक टीम घेऊन हंगामच्या हंगाम खेळायचा प्रकार) तीच टीम घेतली.

आता दुखणं. 'वर्ल्ड क्लास' या अवघडपणाच्या पातळीवर खेळतो, सहा-सहा मिनिटांचे हाफ, स्लायडर (वेग, नेमाची चूक वगैरे कमी-जास्त करायचे आकडे) सगळे मुळातले, पन्नासवर. सामना संपल्यावर आकड्यांचा जो पडदा येतो तो मी लाल बांधणीच्या वहीत उतरवतो (हसू नका, तीस वर्षांची सवय आहे). १९ सामने झाले. आम्ही ६१ गोल केले, ३९ खाल्ले, टेबलात दुसरे. खऱ्या लूटननं २०२३-२४ च्या अख्ख्या हंगामात ५२ केले आणि ८५ खाल्ले. ६ जिंकले, ८ बरोबरीत, २४ हरले, २६ गुण, १८ वा नंबर, आणि गेले खाली. मी अर्ध्या हंगामातच त्यांच्या वर्षाच्या गोलांपुढे गेलो. हे काही माझं कर्तृत्व नाही, मला अजून डाव्या-उजव्या बटणांत गफलत होते.

वहीतली सरासरी अशी: माझे शॉट ९, त्यातले ७ निशाण्यावर. समोरच्याचे ६, त्यातले ५. माझे पास १२० च्या घरात, ८८ टक्के अचूक. कॉम्प्युटरचे ९३ टक्के, मग समोर मँचेस्टर सिटी असो की शेफील्ड युनायटेड. फाउल माझा एक, त्याचा शून्य. दोन कॉर्नर मिळाले तर पेढे वाटावेत.

२०२२-२३ मध्ये प्रीमियर लीगच्या ३८० सामन्यांत १०८४ गोल झाले, सामन्याला २.८५. माझ्याकडे ५.२६ पडतायत. परवा तर ४-४ झाला. खऱ्यात असं होतं का? नेटवरचे दोघांचे तयार स्लायडर उतरवून पाहिले. एकानं माझी पोरं चिखलात चालल्यासारखी चालायला लागली, दुसऱ्यानं ७-५ असा सामना दिला. दुसऱ्याच्या वहीवरून आकडे टिपण्यात राम नाही. समजून फिरवायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

रिकामा_कॉर्नर

काका लेजंडरी लावा, त्याहून अवघड पातळी. विषय संपला.

रोजमेळ

लावून पाहिलं. मी हरायला लागलो, बाकी काही बदललं नाही. पूर्वी ५-३ मी जिंकायचो, आता तो जिंकतो. कॉम्प्युटरचे पास ९३ चे ९५ टक्के झाले. गोलांची बेरीज तेवढीच, नुसती जमा-नावेची बाजू बदलली.

सांख्यिकी_बाई

तुमची वही बघायला आवडेल. मी अकरावी-बारावीला संख्याशास्त्र शिकवते. पोरांना सांगून दमले की आधी नोंद करा मग बोला, आणि इथे कोणीतरी आपण होऊन करतंय.

आधी त्या ४-४ चं. होतं की खऱ्यात! तेही लूटनचंच. ३ फेब्रुवारी २०२४, न्यूकॅसलच्या मैदानावर ४-४. त्याच्या चारच दिवस आधी, ३० जानेवारीला, त्यांनी ब्राइटनला ४-० हाणलं होतं, अडेबायोची हॅटट्रिक. डिसेंबरात आर्सेनलकडून ३-४ हरले, तेही शेवटच्या क्षणी. तेव्हा ४-४ हा बिघाडाचा पुरावा धरू नका. रोज ४-४ व्हायला लागला तर बोलू.

यातूनच दुसरी गोष्ट. लीगची सरासरी तुम्हाला कशाला हवी? तुम्ही लूटन आहात. ५२ अधिक ८५ म्हणजे १३७, भागिले ३८, म्हणजे सामन्याला ३.६ गोल. तुमचं लक्ष्य ते. २.८५ वर आणलंत तर आकडे दिसायला छान दिसतील, पण ती टीम लूटन राहणार नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या वहीत दोन जातींचे आकडे एका रांगेत बसलेत. शॉट किती, पास किती, कॉर्नर किती, ही झाली मोजणी. ती घड्याळावर ठरते. खऱ्या ९० मिनिटांत चेंडू प्रत्यक्ष खेळात ५५ ते ६० मिनिटं असतो, तुमचा सगळा सामनाच १२ मिनिटांचा. तिथे साडेचारशे पास कुठून येणार? ते सोडून द्या. दुसरी जात गुणोत्तरांची: शॉटपैकी निशाण्यावर किती, शॉटपैकी गोल किती, पासपैकी बरोबर किती. यांना घड्याळाशी घेणंदेणं नाही, हीच स्लायडरची कामं.

खऱ्या फुटबॉलमध्ये ढोबळमानानं तीन शॉटांतला एक निशाण्यावर जातो आणि नऊ-दहांतला एक गोल होतो. तुमचे नवातले सात निशाण्यावर आणि तीन आत. दुखणं इथे आहे. बरेच लोक इथेच चुकतात. शॉट कमी दिसतात म्हणून आधी हाफ दहा मिनिटांचा करतात. शॉट ९ चे १५ होतात, आणि गोलही ३.२ चे ५.३ होतात. म्हणून आधी गुणोत्तरं, घड्याळ शेवटी.

शॉट एरर दोन्ही बाजूंचा पन्नासवरून साठ करा. वाढवला की नेम चुकतो. गोलकीपर ॲबिलिटी पाचनं वाढवा, जास्त नाही. नाहीतर गोलकीपर भिंत होतो आणि सगळे गोल त्यानं थोपवलेल्या चेंडूवरच पडायला लागतात. पास एरर कॉम्प्युटरचा ६५, तुमचा ६० पासून बघा. फर्स्ट टच एररही थोडा वाढवा, म्हणजे चेंडू पायाला चिकटल्यासारखा राहणार नाही. आणि पासची मदत 'असिस्टेड' असेल तर 'सेमी' करा. नाहीतर पास एरर कितीही वाढवला तरी गेम तुमचा चुकलेला पास स्वतःच सरळ करून देतो.

एका वेळी एकच फिरवायचा. आणि लगेच निकाल लावू नका. पासची टक्केवारी तीन-चार सामन्यांत स्थिर होते, कारण पास शेकड्यांनी असतात. गोल मोजके असतात, ते हलतात. ३.६ सरासरी असली तर पॉइसनच्या (मोजक्या घटनांच्या शक्यतेच्या) हिशेबानं दहा सामन्यांची सरासरी ३ किंवा ४.२ येणं अगदी नेहमीचं आहे. तेवढ्यावरून स्लायडरला हात लावलात तर तुम्ही नशीब दुरुस्त करत बसाल.

आणि टेबलात बाकीच्या टीमांचे जे आकडे दिसतात ते या वहीत घेऊ नका. न खेळलेले सामने गेम आपल्या हिशेबानं उरकतो, तिथे तुमचे स्लायडर लागत नाहीत.

रोजमेळ

बाई, आत्ता डोक्यात उजेड पडला. म्हणजे भाव वेगळा आणि पोती वेगळी. मी भाव आणि वजन एकाच खान्यात लिहून बेरीज मारत होतो. पेढीवर नवीन पोरानं हे केलं असतं तर मी त्याला चहा आणायच्या कामावर बसवलं असतं.

खडकी_लेफ्टबॅक

बाईंचं गणित बरोबरच असणार. माझं एक देशी निरीक्षण. मी खडकीत अकरा वर्षं लेफ्टबॅक खेळलो, गुडघा गेला म्हणून आता बसून खेळतो. काका, सामनाभर आरटू बटण दाबून ठेवता ना? खरं सांगा.

मैदानावर कोणी सारखं पळत नाही. विंगर सामन्यात पंधरा-वीसदा जीव तोडून पळतो, बाकी वेळ चालतो, उभा राहतो, लेफ्टबॅकला शिव्या देतो. गेममध्ये आपण अकराच्या अकरा जणांना पळवतो आणि मग म्हणतो सामना खोटा वाटतो. तुमच्या पेनल्टी बॉक्ससमोर मोकळं रान का असतं? तुम्ही सेंटरबॅकला घेऊन पळत पुढे गेलेले असता म्हणून. आरटू फक्त मोकळी जागा दिसली तरच. पाच सामने करून बघा, स्लायडरला हात न लावता.

शिवाय स्प्रिंट स्पीड दोघांचा ४६-४७ वर आणा. चिखल वाटणार नाही आणि बचावपटूला परत यायला वेळ मिळतो. कॉम्प्युटरची रन फ्रिक्वेन्सी थोडी उतरवा, म्हणजे त्याचे चार-चार जण एकदम मागे घुसणार नाहीत. मार्किंग (समोरच्याला चिकटून राहणं) थोडं वाढवा. शॉट कमी होतील आणि जे होतील ते गर्दीतून होतील, मग कॉर्नरही मिळतील. कॉर्नर गर्दीतूनच येतो हो.

फाउलला स्लायडर नाही. शोधत बसू नका, मी महिना घालवलाय. कॉम्प्युटर हात लावत नाही, कोपऱ्यानं ढकलत नाही, जर्सी ओढत नाही. त्याला आमच्या खडकीच्या मैदानावर एक संध्याकाळ आणून सोडायला पाहिजे. तुमचे फाउल वाढवायचे तर टॅकल करा, नुसते समोर उभे राहू नका. त्याचे मात्र सामन्याला एक-दोनच राहणार.

रिकामा_कॉर्नर

काका खरंच आरटू दाबून ठेवता का 😄

रोजमेळ

हो. मुलानं सांगितलं होतं की हे पळायचं बटण. सोडायचं असतं हे नव्हतं सांगितलं.

रोजमेळ (तीन आठवड्यांनी)

वही भरली, म्हणून परत आलो.

आधी पाच सामने लेफ्टबॅक म्हणाले तसे, आरटू सोडून. ते पाच मी धरले नाहीत, कारण पहिल्या दोनात बोट ऐकतच नव्हतं. तरीही माझे पास ८८ वरून ८५ वर आले, खाल्लेले गोल कमी झाले. हे मला अपेक्षित नव्हतं. मग बाईंच्या क्रमानं एकेक स्लायडर. शॉट एरर ६० वर माझ्या नवातले पाच निशाण्यावर येत होते, ६४ वर ताळा बसला. कॉम्प्युटरला ६० पुरले. गोलकीपर ५५ केला आणि परत ५३ केला. एका सामन्यात तीन गोल त्यानं थोपवलेल्या चेंडूवर पडले, बाई म्हणाल्या होत्या तस्सेच. पास एरर कॉम्प्युटरचा ७० लागला, ६५ ला तो दाद देईना. शेवटी हाफ सहाचा आठ मिनिटांचा केला. दहाचा करणार होतो, पण घरातले दिवे.

या बसवलेल्या घडीवर दहा सामने. माझे शॉट ८, निशाण्यावर ३. त्याचे ११, निशाण्यावर ४. माझे पास ७९ टक्के, त्याचे ८४. कॉर्नर मला तीन, त्याला चार. फाउल माझे पाच, त्याचा एक. त्या एकाची मी वहीत लाल शाईनं नोंद केली आहे. गोल केले १३, खाल्ले २२, एकूण ३५. सामन्याला ३.५.

जुळलं. दोन जिंकलो, दोन बरोबरीत, सहा हरलो. टेबलात दुसरा होतो तो सातवा आलो आणि उतार चालूच आहे. आमची टीम आता माझ्या डोळ्यांदेखत बुडणार हे मी स्वतः कष्ट करून साधलंय. ही परवा मागून बघत होती. म्हणाली, "आधी जिंकत होतात तेव्हा तोंड वाकडं, आता हरताय तर वहीत बघून हसताय."

एक शंका राहिली. दहा सामन्यांत एकही ०-० नाही. अजून कुठे चुकतंय का?

सांख्यिकी_बाई

नाही. ३.६ च्या सरासरीला ०-० ची शक्यता जेमतेम पावणेतीन टक्के. ३८ सामन्यांत एखादा. दहात न येणं साहजिक आहे. लीगच्या २.८५ ला सुद्धा ३८ त दोन-अडीचच यायचे.

मी वेगळं काही बघेन. हरलेल्या सहांत फरक किती होता? सगळे एका गोलानं हरत असाल तर सरासरी जुळूनही विखुरणं खोटं आहे.

रोजमेळ

वही समोरच आहे. १-२, ०-३, २-३, १-२, ०-४, १-३. ती ०-४ सिटीकडून.

सांख्यिकी_बाई

छान पसरलंय. हात लावू नका आता.

खडकी_लेफ्टबॅक

काका, ते ०-४ चं सांगा ना नीट. लेफ्टबॅक काय करत होता?

रोजमेळ

पळत होता. सवय मोडत नाही हो. उद्या ब्राइटन आहे, आमच्या मैदानावर. आरटूवर चिकटपट्टी लावलीय.